हत्याराची पेटी

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून कापसाच्या भावावर बोलणे होते, वीजबिलावर होते, कर्जावर होते. आज आम्ही बोलणार आहोत ते एका लाकडी पेटीवर. विषय ऐकून मागच्या रांगेतली काही मंडळी हसली, ते आम्ही पाहिले. हसू द्या. आमची एक रब्बी ज्वारी या पेटीपायी गेली, तेव्हा आम्हाला मात्र हसू आले नव्हते.

आधी तीच गोष्ट सांगतो. सप्टेंबर संपत आला होता. पाऊस पडून रान वापशावर आले होते. बैल जुंपले, तिफण रानात नेली आणि दुसऱ्याच तासाला एका फणाचा नट निघाला. नट मातीत सापडला. पाना मात्र सापडेना. गोठ्यात पाहिले, बाजेखाली पाहिले, देवळीत पाहिले, शेजाऱ्याकडे विचारले. थोरला म्हणे धाकट्याने नेला, धाकटा म्हणे थोरल्याने. घरात भांडण झाले ते वेगळेच. शेवटी एक जण तालुक्याला गेला, नवा पाना घेऊन परत येईपर्यंत दिवस मावळला. रात्री पाऊस आला आणि पुढे आठ दिवस रानात पाय ठेवता आला नाही. पेरणी उशिरा झाली, कणसे भरली नाहीत. तो जुना पाना पुढे महिन्याभराने सापडला. कुठे? आमच्याच गव्हाणीत, कडब्याच्या चुऱ्याखाली.

भावांनो, पावसाने दगा दिला तर आपण आभाळाला बोल लावतो. व्यापाऱ्याने मारले तर व्यापाऱ्याला बोल लावतो. त्यात खोटे काही नाही. पण गव्हाणीतल्या पान्याचा बोल कोणाला लावायचा?

नाक्यावरचे दोन भाव

पुढे २०१२ साली मराठवाड्यात दुष्काळ पडला. आमच्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या, कोरडवाहू पिकाचे तर विचारूच नका. आम्ही दोघे भाऊ देवगिरी गाडीत बसलो, ठाण्याला उतरलो आणि तिथून लोकलने मुलुंड, घाटकोपर असे काम शोधत हिंडलो. मुंबई उपनगर हा १९९० साली शहरापासून वेगळा केलेला जिल्हा. कागदावर आपल्यासारखाच एक जिल्हा. पण कापसाच्या आणि ज्वारीच्या माणसाने तिथे जाऊन काय करायचे? तो जाऊन नाक्यावर उभा राहतो.

ज्यांनी नाका पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुठेही जा. सकाळी ठरलेल्या चौकात माणसे येऊन थांबतात. ठेकेदार येतो, बोट दाखवतो, माणसे घेऊन जातो. नऊ-दहा वाजेपर्यंत ज्याला कोणी नेले नाही, त्याचा तो दिवस गेला. आपल्याकडे बैलबाजार भरतो, तसा हा माणसांचा बाजार.

या बाजारात आम्ही पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट पाहिली. रंगारी आपला ब्रश आणि डबा पुढे ठेवून बसतो. गवंडी थापी आणि ओळंबा ठेवतो. सुताराच्या पुढे त्याची पेटी असते. ठेकेदार पेटीवाल्यापुढे थांबतो आणि विचारतो, “काय घेणार?” तोच ठेकेदार आमच्यापुढे येतो आणि सांगतो, “इतके मिळतील. यायचे तर या.” म्हणजे एकाला भाव विचारला जातो आणि दुसऱ्याला सांगितला जातो. आम्हाला ही रीत नवी नव्हती. कापसाची गाडी घेऊन आपण बाजारात उभे राहतो तेव्हा आपल्यालाही भाव सांगितलाच जातो. पण नाक्यावर ही रीत इतकी उघडी दिसली की झोप लागेना. हात दोघांनाही दोनच. फरक काय तो पुढ्यातल्या पेटीचा, आणि पेटीतले हत्यार चालवता येण्याचा.

त्या नाक्यावर एक वयस्क सुतार बसत. सगळे त्यांना मामा म्हणत, आम्हीही मामाच म्हणू लागलो. महिनाभर आमचे रिकामे हात पाहून एके दिवशी ते म्हणाले, “पोरांनो, हत्यार विकत मिळते, पेटी मिळत नाही. पेटी आपली आपण करायची असते. ज्याला स्वतःची पेटी चौकोनात करता येत नाही, त्याच्या हातात लोकांच्या घराचे दार कोण देईल?” सुताराचे पहिले काम म्हणजे त्याची पेटी, हे आम्ही त्या दिवशी ऐकले.

लाकूड कुठून आले

लाकडाला पैसे नव्हते. मामांनी आम्हाला अंधेरी पूर्वेला नेले. तिथे मरोळची औद्योगिक वसाहत आहे, १९७३ साली सुरू झालेले सीप्झ आहे. कारखान्यांत बाहेरून यंत्रे येतात ती लाकडी खोक्यांतून. यंत्र आत जाते, खोके मोडून बाहेर पडते. साकीनाक्याच्या भंगारवाल्यांकडे या फळ्यांचे ढीग लागलेले असत. २०१४ च्या जूनमध्ये घाटकोपर ते अंधेरी मेट्रो सुरू झाली. त्याआधी त्या रस्त्याने डोक्यावर फळ्या घेऊन आम्ही घाटकोपरला चालत आलो आहोत.

फळी कशी निवडायची हे मामांनी शिकवले. तेच तुम्हाला सांगतो, कारण अशी खोकी आता तालुक्यालाही यंत्रांबरोबर, मोटारींच्या सुट्या भागांबरोबर येतात. परदेशातून आलेल्या खोक्याच्या फळीवर एक शिक्का असतो. त्यात कणसाचे चिन्ह असते. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून २००२ साली ठरलेल्या जागतिक नियमाचा तो शिक्का आहे. त्यात ‘एच टी’ ही इंग्रजी अक्षरे असली तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान ३० मिनिटे तापवलेले आहे असे समजा. ते खुशाल घ्या. ‘एम बी’ अशी अक्षरे असली तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते घेऊ नका, चुलीत तर मुळीच घालू नका. तेलाचे, रसायनाचे डाग असलेली फळीही नको. गावात जेवढे विष येते तेवढे पुरे आहे.

खोकी मिळाली नाहीत तर आपल्या बांधावर काय कमी आहे? कडुनिंबाची फळी चांगली, तिला कीड कमी लागते. बाभूळ टणक, पण जड. तिचा दांडा करावा, पेटी नाही. साग उत्तम. पण साग किंवा आंबा तुमच्याच बांधावर तुमच्याच बापाने लावलेला असला तरी १९६४ च्या कायद्याने तो तोडायला परवानगी लागते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. जुन्या दाराची, मोडक्या गाडीची फळी मिळाली तर सगळ्यात बरे, कारण ती वाळून बसलेली असते. ओले लाकूड घेऊ नका. आपल्या उन्हाळ्यात ते आक्रसते, वाकते आणि खिळे सैल होतात.

पेटी कशी करायची

आता कागद-पेन्सिल असेल त्यांनी मापे लिहून घ्या. सुतार इंच आणि सूत मोजतो. आठ सुतांचा एक इंच. आपली फळी सहा सुती, म्हणजे पाऊण इंच जाडीची धरली आहे.

फळी लागते ती अशी : सहा इंच रुंदीची सव्वाचार फूट आणि आठ इंच रुंदीची सव्वाचार फूट. आठ इंची मिळाली नाही तर चार-चार इंची दोन जोडा. यातून पाच तुकडे निघतात.

तळ : एक, लांबी साडेबावीस इंच, रुंदी ८ इंच.
टोकाच्या फळ्या : दोन, उंची १२ इंच, रुंदी ८ इंच.
बाजू : दोन, लांबी २४ इंच, उंची ६ इंच.

याशिवाय एक दांडा. मोडक्या फावड्याचा दांडा चालतो. सव्वा इंच जाडीचा, २५ इंच लांबीचा.

ही मापे काही दगडावरची रेघ नाही. तुमचे सगळ्यात लांब हत्यार जमिनीवर ठेवा आणि पेटीची लांबी त्यावरून ठरवा. फक्त एक ध्यानात ठेवा. तळ हा दोन टोकांच्या मध्ये बसतो, म्हणून तो बाजूपेक्षा दोन फळ्यांच्या जाडीइतका, म्हणजे दीड इंच, आखूड असतो.

टोकाच्या फळीत लाकडाच्या रेषा उभ्या ठेवा. आडव्या ठेवल्या तर वरचा निमुळता भाग पहिल्याच धक्क्याला तुटून हातात येतो. वरच्या कडेपासून दीड इंच खाली, बरोबर मध्यावर, दांड्याच्या मापाचे भोक पाडा. गिरमिट नसेल तर गोल आखून त्यावर बारीक भोके पाडा, मधला भाग पटाशीने काढा आणि कानशीने घासा. भोक आधी पाडायचे, तिरपे काप नंतर घ्यायचे. आधी काप घेतला तर निमुळत्या लाकडात भोक पाडताना ते फाटते. काप असा : खालपासून सहा इंच उंचीपर्यंत फळी सरळ राहू द्या. तिथून दोन्हीकडून तिरपी रेघ मारून वर तीन इंच रुंदी ठेवा. देवळाच्या शिखरासारखा आकार दिसेल.

आता जोडणी. दोन टोके तळाच्या दोन्ही बाजूंना उभी करून दोन-दोन खिळ्यांनी धरून ठेवा. मग बाजूच्या फळ्या बाहेरून लावा. खिळा दोन इंची. फळीच्या जाडीच्या अडीच-तीन पट खिळा असावा, हा मामांचा हिशेब. बाजूतून टोकाच्या कडेत तीन-तीन खिळे आणि तळाच्या कडेत पाच खिळे. हे पाच महत्त्वाचे. टोकातून तळात मारलेला खिळा लाकडाच्या रेषांच्या दिशेने जातो, तो फारसे धरत नाही. ओझे दांड्यावरून टोकांवर, टोकांवरून बाजूंवर आणि बाजूंवरून तळावर येते. म्हणजे पेटीचा सगळा भार बाजूंच्या खिळ्यांवर असतो. संघटनेतही असेच असते. टोकाला उभा असलेला दिसतो, ओझे बाजूचे धरतात.

फळी फाटू नये म्हणून खिळ्याचे टोक दगडावर हातोडीने थोडे बोथट करा. टोकदार खिळा रेषा फाकवतो, बोथट खिळा चिरडत आत जातो. दोन खिळे एकाच रेषेवर मारू नका. आणि खिळे थोडे तिरपे मारा, एक इकडे, एक तिकडे. मग फळी सरळ ओढून निघत नाही.

शेवटचे खिळे ठोकण्याआधी पेटी काटकोनात आहे का ते पाहा. गुण्या नसला तरी चालेल. घराचा पाया आखताना गवंडी काय करतो? कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी लावतो आणि दुसऱ्या दोन कोपऱ्यांशी ताडून पाहतो. दोन्ही मापे सारखी आली की पाया बरोबर. पेटीही तशीच. मग दांडा आरपार घाला आणि वरून एक-एक बारीक खिळा मारून तो अडकवा. तळाला दोन आडव्या पट्ट्या ठोका, म्हणजे पेटी जमिनीला टेकणार नाही आणि ओल व वाळवी लगेच तळाला लागणार नाही.

आमची पहिली पेटी डगमगत होती. मामांनी ती जमिनीवर ठेवली, पायाने हलवली आणि म्हणाले, “मोडा.” आम्ही खिळे उपटले, सरळ केले आणि पुन्हा ठोकले. तिसऱ्या खेपेला त्यांनी हो म्हटले. ती पेटी एरवी आमच्या गोठ्यातल्या फळीवर असते. तुम्हाला दाखवायला आज इथे आणली आहे, सभा संपल्यावर हात लावून पाहा.

तेल आणि कापूस

पेटीला रंगाची गरज नाही. जवसाचे तेल चोपडा. कच्चे तेल वाळायला फार दिवस घेते. रंगाच्या दुकानात उकळलेले मिळते, रंगारी त्याला बेलतेल म्हणतात. फडक्याने पातळ हात द्या, एक दिवस वाळू द्या, दुसरा हात द्या.

पण इथे एक ताकीद. तेलाने भिजलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते. फडक्याचा गोळा असेल तर ती उष्णता आतच कोंडते आणि काडी न लावता फडके पेट घेते. आपल्या घरात वेचणीचा कापूस छतापर्यंत भरलेला असतो. वर्षभराची कमाई एका फडक्यापायी जायला नको. ते फडके अंगणात पसरून पूर्ण वाळवा, नाही तर पाण्यात बुडवून ठेवा. हे घरातल्या पोरांनाही सांगा.

पेटीत काय आणि काय नाही

पेटी झाली की घरातली हत्यारे एका जागी आणा. पाने, पक्कड, हातोडी, पटाशी, करवत, कानस, पेचकस, एक डबी खिळ्यांची, एक डबी नट-बोल्टांची. तिफणीला, वखराला, कोळप्याला लागणारा प्रत्येक मापाचा नट जास्तीचा ठेवा.

मायबहिणींनो, कानस ही तुमची वस्तू आहे. बोथट खुरप्याने दिवसभर खुरपून मनगट कोणाचे सुजते? पुरुषाचे नाही. खुरपे आणि विळा रोज दोन हात कानशीवर लावला तर तेवढ्याच कष्टात जास्त पात उरकते. म्हणून पेटी पुरुषांच्या बाजेखाली नको, सगळ्यांचा हात पोचेल अशा फळीवर हवी.

फवारणीच्या पंपाचे वॉशर आणि नोझल यांची वेगळी डबी करा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन आपली माणसे गेली. शेतकरी गेले, मजूर गेले. त्याची कारणे पुष्कळ होती आणि सगळा दोष फवारणाऱ्यावर ढकलणे हा अन्याय आहे. पण पाठीवर गळणारा पंप घेऊन तासन् तास चालणे म्हणजे विष अंगात मुरवणे, एवढे तर खरे आहे ना? आपण तो पंप का चालवतो? कारण वॉशर तालुक्याला मिळतो आणि बोंडअळी आज पडलेली असते. चार वॉशर पेटीत असतील तर गळका पंप पाठीवर घ्यायची पाळी येणार नाही. विषाची बाटली मात्र पेटीत ठेवायची नाही, कधीही नाही. त्याच पेटीतल्या पक्कडीने आपले पोर सायकल दुरुस्त करते.

खताच्या पोत्याजवळही पेटी ठेवू नका. खत ओल धरते आणि लोखंड खाते. वरून झाकायला खताचे पोते वापरायचे तर ते धुऊन घ्या. पेटीला झाकण का नाही, असे काही जण विचारतील. उघड्या पेटीत काय आहे आणि काय गेले, हे येता-जाता दिसते. झाकणाखाली सगळेच लपते.

पेटीच्या बाजूवर खडूने हत्यारांची यादी लिहा. शेजाऱ्याने मागितले तर जरूर द्या, आपल्याकडची ती चांगली चाल आहे. फक्त यादीपुढे त्याचे नाव लिहा. नाव लिहिल्याने मैत्री तुटत नाही. पाना हरवल्याने तुटते, हे आम्ही घरात पाहिले आहे.

सुतार गेला, आता

एक शेवटचे. आपले वाडवडील अशी पेटी ठेवत नव्हते, मग त्यांचे अडत होते का? नव्हते अडत, कारण गावात सुतार होता. औत मोडले की त्याच्या दारात टाकायचे आणि खळ्यावर रास झाली की त्याचे बलुते द्यायचे. ते बलुते मोडले. त्यात सुतारावर अन्यायही होता. रास कमी आली की त्याचा वाटाही आटे, आणि मिळेल तेवढ्यात वर्षभर राबायचे. तो शहरात गेला, त्याने बरे केले. नाक्यावर त्याला भाव विचारतात. पण त्याची जागा गावात कोणी घेतली नाही. आता साध्या नटासाठी आपण तालुक्याला जातो. समजा शंभर घरांचे गाव आहे आणि प्रत्येक घर हंगामात दोनदा अशा कामासाठी गेले, तर दोनशे दिवस गेले. तेल, चहा, दुरुस्तीवाल्याचे पैसे वेगळे. आणि वापशाचा दिवस तर पैशाने परत मिळत नाही.

आम्ही असे म्हणत नाही की पेटी केल्याने कापसाला भाव मिळेल. भावाची लढाई वेगळी आहे आणि ती लढावीच लागेल. पेटीवर ती भागवू पाहील त्याला आम्हीच आधी अडवू. पण ज्या दिवशी रान वापशावर असते त्या दिवशी आपण कोणाच्या दारात ताटकळत नसावे, एवढे आपल्या हातात आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत सात घरांनी पेट्या केल्या. पोरांनी केल्या, आम्ही फक्त बसून पाहिले. एक डगमगत होती. आम्ही पायाने हलवली आणि म्हणालो, “मोडा.” पोरगे रुसले, पण संध्याकाळी पेटी सरळ उभी होती.

पुढच्या बैठकीला येताना ज्यांनी पेटी केली असेल त्यांनी ती घेऊन या. ज्यांची डगमगते त्यांनी तर नक्की आणा. हातोडी आम्ही आणतो.